पोलीस आणि फायरसाठी अर्धा सेंट जास्तीचा सेल्स टॅक्स : हो म्हणावं की नाही?

रानजाई
नमस्कार मंडळी. आम्ही कॅलिफोर्नियात, सेंट्रल व्हॅलीतल्या एका मध्यम आकाराच्या गावात राहतो. येत्या निवडणुकीत गावाने सेल्स टॅक्स डॉलरमागे अर्ध्या सेंटने वाढवायचा प्रस्ताव मतपत्रिकेवर ठेवलाय. आत्ता ७.७५ टक्के आहे, तो ८.२५ होईल. रोज टपालात चकचकीत पत्रकं येतात. त्यावर लाल बंब, हसरा पोलीस, आणि मोठ्या अक्षरात लिहिलेलं, 'आपल्या गावाचा पैसा, आपल्या सुरक्षेसाठी'.

घरात दोन तट पडलेत. नवरा म्हणतो नाही. गेल्या वर्षी देवळाच्या पार्किंगमध्ये आमच्या गाडीची काच फोडून लॅपटॉप नेला. फोन केला तर 'ऑनलाइन तक्रार भरा, नंबर मिळेल, तो इन्शुरन्सला द्या' एवढंच उत्तर. पोलीस आलाच नाही. 'ह्यांना आणखी पैसे कशाला?' हे त्याचं म्हणणं.

माझं उलट. सासरे न्हाणीघरात पडले तेव्हा अँब्युलन्सच्या आधी फायरवाले पोचले. चौघे धिप्पाड गडी जड बूट घालून थेट आत आले. सासूबाई तशा घाबरलेल्या अवस्थेतही 'अरे त्यांना सांग, तिकडे देवघर आहे' म्हणत होत्या. त्यातल्या एकाला काय कळलं कोण जाणे, तो देवघराला वळसा घालून गेला. सासरे आज ठणठणीत आहेत.

गंमत म्हणजे मत नवऱ्याला आहे, मला नाही (ग्रीन कार्ड). टॅक्स मात्र दोघांनाही. तर जाणकारांनी सांगा, अशा कराने खरंच फरक पडतो का? काय बघून ठरवायचं?

ह्यूस्टनचा_तात्या
८.२५? आम्ही कधीपासूनच तिथे आहोत. या, बसा, चहा घेणार?

नाठाळ
नवऱ्याचं ऐका. कर लावताना 'फक्त अमुकसाठी' आणि 'थोड्याच दिवसांपुरता' असं सांगतात. मग तो लग्नात राहायला आलेल्या पाहुण्यासारखा मुक्काम ठोकतो.

चष्मेवाला
रानजाई, मी बे एरियातल्या एका पालिकेच्या फायनान्स खात्यात बरीच वर्षं आहे (कुठल्या ते विचारू नका), म्हणून जरा लांबण लावतो.

पहिला प्रश्न : हा कर 'स्पेशल' आहे की 'जनरल'? पत्रक बघू नका, मतपत्रिकेवरचा मजकूर बघा. कॅलिफोर्नियात पैसे एका ठरावीक कामालाच बांधलेले असतील तर तो स्पेशल टॅक्स. कौन्सिलने तो मतदानाला ठेवला असेल तर दोन तृतीयांश मतं लागतात. जनरल टॅक्सला निम्म्याहून एक जास्त पुरे, पण मग पैसे जनरल फंडात (गावाच्या सामाईक तिजोरीत) जातात आणि कौन्सिल ते वाटेल तिथे खर्च करू शकते. १९७८ चं प्रॉप १३ आणि १९९६ चं प्रॉप २१८ (प्रॉप म्हणजे राज्यभरच्या मतदारांपुढे ठेवलेला प्रस्ताव) यांनी ही चौकट घातली. २०१७ च्या अपलँड खटल्यानंतर आणखी एक वाट निघाली. नागरिकांनी सह्या गोळा करून आणलेला स्पेशल टॅक्स साध्या बहुमतानेही पास होऊ शकतो, असे निकाल अपील कोर्टांनी दिले.

दोन तृतीयांश गाठणं महाकठीण, म्हणून गावं एक युक्ती करतात. कर जनरल ठेवायचा आणि शेजारी दुसरा, निव्वळ सल्ल्याचा प्रस्ताव ठेवायचा : 'हा कर पास झाला तर पैसे पोलिसांवर खर्चावेत का?' स्टॉकटनने २०१३ मध्ये हेच केलं. आदल्या वर्षी शहराने दिवाळखोरीचा अर्ज केला होता. मेझर ए म्हणजे पाऊण सेंट, सोबत मेझर बी म्हणजे सल्ला. दोन्ही पास. पण सल्ला कायद्याने बंधनकारक नसतो.

दुसरा प्रश्न जास्त महत्त्वाचा. समजा कर अगदी कडक स्पेशल आहे, एकेक सेंट पोलीस-फायरलाच जाणार. तरी त्या खात्यांना आज जनरल फंडातून मिळतं ते तसंच चालू राहील, याची हमी ठरावात आहे का? नसेल तर कौन्सिल काय करतं? नव्या करातून पन्नास लाख आले की जनरल फंडातून तेवढेच हळूच काढून घेतं, आणि ते जातात पेन्शनला, रस्त्याला, कुठेही. कागदोपत्री कर सुरक्षेवरच खर्च झालेला असतो. माझी आई फडताळात डबे ठेवायची, दुधाचा वेगळा, गॅसचा वेगळा. मामाने दुधाच्या डब्यात शंभर टाकले की वडील त्यातले शंभर काढून घ्यायचे. दूध तेवढंच यायचं.

ह्या हमीला 'मेंटेनन्स ऑफ एफर्ट' म्हणतात. ठरावात हे कलम शोधा. तोच कणा आहे, बाकी सगळं रंगकाम.

नाठाळ
चष्मेवाले, म्हणजे मी तेच म्हणालो, फक्त तुम्ही जास्त ओळी घेतल्यात. (हलके घ्या.)

चष्मेवाला
नाही. तुम्ही म्हणालात 'नाही म्हणा'. मी म्हणतोय 'कलम वाचा'.

कोथरूडची_कुंदा
वाचतेय. आपल्याकडे असं काही आहे का हो? पुण्याच्या मिळकतकराच्या बिलावर सर्वसाधारण कराखाली 'अग्निशामक कर' अशी एक ओळ असते. रक्कम फुटकळ. तो पैसा बंबालाच जातो का, हे आजवर कुणाला विचारावंसं वाटलं नाही. आता वाटतंय.

ह्यूस्टनचा_तात्या
कुंदाताई, विचारा आणि इथे सांगा. पालिकेने उत्तर दिलं तर ती बातमी होईल.

आता आमचं टेक्सास. राज्याचा सेल्स टॅक्स ६.२५, आणि सगळ्या स्थानिक संस्थांनी मिळून त्यावर फार तर २ टक्के लावायचे. झाले ८.२५. पुढे एक दमडी नाही. त्यामुळे इथे भांडण 'कर वाढवू का' असं नसतं, 'त्या दोन सेंटात कोण बसणार' असं असतं. फोर्ट वर्थमध्ये १९९५ पासून अर्धा सेंट खास गुन्हेनियंत्रणासाठी आहे, त्यासाठी वेगळा डिस्ट्रिक्टच स्थापलाय. तो कायमचा नसतो, ठरावीक वर्षांनी मतदारांकडे परत जावं लागतं. जुलै २०२० मध्ये तो पुन्हा मतदानाला आला. मिनियापोलिसमध्ये पोलिसाच्या हातून जॉर्ज फ्लॉइड मेला, त्या प्रकरणाला दोन महिनेही झाले नव्हते, देशभर मोर्चे, 'पोलिसांचा निधी कापा'च्या घोषणा. तरी लोकांनी तो मंजूर केला, तोही दहा वर्षांसाठी.

आणि डॅलसच्या उपनगरांत, जिथे आपली निम्मी मंडळी राहतात, तिथली गंमत बघा. प्लेनो, अर्विंग यांनी आपला एक सेंट कधीच डार्टच्या बस-रेल्वेला देऊन टाकला. फ्रिस्कोने तोच एक सेंट अर्धा-अर्धा करून आर्थिक विकास आणि समाजविकास महामंडळांना दिला. पोलिसांना वेगळा अर्धा सेंट द्यायचा तर आधी कुणाला तरी उठवावं लागेल. गणपतीच्या मांडवातल्या खुर्च्या आणि काय.

सातारी_तर्री
नाठाळ, 'कर कधीच जात नाही' हे साफ चूक. केरळने २०१८ च्या पुरानंतर १ ऑगस्ट २०१९ पासून जीएसटीवर १ टक्का पूर-उपकर लावला. ३१ जुलै २०२१ ला बंद. मुदत संपली, कर गेला. जीएसटीच्या घटनादुरुस्तीत नैसर्गिक आपत्तीसाठी अशी सोयच ठेवली आहे.

नाठाळ
एक केरळ सांगितलंत. मी महाराष्ट्र सांगतो. व्यवसाय कर, १९७५. रोजगार हमी योजनेला पैसा हवा म्हणून आणला. मी आयटीत लागलो तेव्हापासून पगारातून वर्षाला २५०० जाताहेत. अकरा महिने दोनशे आणि फेब्रुवारीत तीनशे. रोजगार हमीचं केंद्राकडे काय आणि राज्याकडे काय, सगळं बदलून गेलं. फेब्रुवारीतले तीनशे तिथेच.

आजोबा_नाशिककर
तुम्हा लेकरांना आठवणार नाही. १९७१ साली बांगलादेशचे निर्वासित आले तेव्हा प्रत्येक पत्रावर नेहमीच्या तिकिटाशेजारी पाच पैशांचं वेगळं तिकीट लावावं लागे, निर्वासितांच्या मदतीसाठी. सुरुवातीला तिकिटं छापून तयार नव्हती, म्हणून जुन्याच तिकिटांवर शिक्का मारून विकली. मी तेव्हा टपालात नोकरीला होतो. लोक कुरकुरत, पण लावत. १९७३ मध्ये ते बंद झालं. म्हणजे नाठाळराव, आणखी एक गेलेला कर लिहून घ्या.

नाठाळ
आजोबा, दंडवत. दोन झाले.

स्प्रिंग्सकर
कोलोरॅडो स्प्रिंग्समधून लिहितोय. आमच्याकडे हा प्रयोग वीस वर्षांहून जास्त चालू आहे, म्हणून सांगतो. नोव्हेंबर २००१ मध्ये मतदारांनी ०.४ टक्का 'पब्लिक सेफ्टी सेल्स टॅक्स' मंजूर केला, पोलीस आणि फायरसाठी. आजच्या ८.२ टक्क्यांत राज्याचे २.९, काउंटीचे १.२३, रस्ते-वाहतूक प्राधिकरणाचा १ आणि शहराचे ३.०७. त्या ३.०७ मध्येच हे ०.४ आहेत.

फायदा झाला का? नवी फायर स्टेशनं झाली, माणसं भरली गेली. २०१२ मध्ये वाल्डो कॅन्यनचा वणवा डोंगर उतरून थेट शहरात आला आणि ३४६ घरं जळाली. त्या रात्री जे शर्थीने लढले त्यांच्यातल्या काहींचे पगार ह्या करातून होत असणार, एवढं मी धरून चालतो.

आता दुसरी बाजू. सेल्स टॅक्स मंदीत पहिला आपटतो. लोक गाडी घेणं पुढे ढकलतात, सोफा पुढे ढकलतात, हॉटेलात जात नाहीत. २००८ नंतर आमच्या शहराचं उत्पन्न असं घसरलं की २००९ च्या नोव्हेंबरात घरपट्टी वाढवायचा प्रस्ताव आला. लोकांनी तो फेटाळला. २०१० मध्ये शहराने रस्त्यावरचे साधारण एक तृतीयांश दिवे बंद केले! बागांना पाणी घालणं थांबवलं. देशभरच्या टीव्हीवाल्यांनी आमचे अंधारे रस्ते दाखवले. राज्यात १९९२ पासून 'टेबर' आहे, मतदारांना विचारल्याशिवाय कर वाढवता येत नाही, त्यामुळे कौन्सिलकडे दुसरा उपाय उरला नव्हता.

आणि चोऱ्या काही मंदी बघून कमी होत नाहीत. खर्च स्थिर, उत्पन्न झोकांड्या खाणारं, ही ह्या कराची मूळ अडचण.

दीडशहाणी
आणखी एक मूळ अडचण कुणी काढलीच नाही. सेल्स टॅक्स गरिबाला जास्त बोचतो. दीड लाख डॉलर कमावणारा आणि तीस हजार कमावणारी, दोघेही मुलाच्या बुटांवर तोच अर्धा सेंट देतात. तिचा मात्र पगारच सगळा बूट-कपडे-टायरमध्ये जातो. संरक्षण कुणाच्या मालमत्तेचं जास्त होतं? मोठ्या घरवाल्याचं. मग घरपट्टीतून घ्या ना!

दोन_घरं_एक_डोकेदुखी
घरपट्टी वाढवा म्हणणारे बहुतेक भाडेकरू असतात, हे माझं निरीक्षण. माझं दुसरं घर भाड्याने आहे. घरपट्टी वाढली की भाडं वाढतं, मग तीच तीस हजारवाली बाई ती भरते. वर कॅलिफोर्नियात वाढवणार कशी? प्रॉप १३ ने दर एक टक्क्यावर बांधलाय आणि मूल्यांकन वर्षाला दोन टक्क्यांहून जास्त वाढू देत नाही. म्हणून तर गावं सेल्स टॅक्सच्या मागे लागतात.

शिवाय कॅलिफोर्नियात किराणा आणि डॉक्टरने लिहून दिलेली औषधं करमुक्त आहेत. तांदूळ-डाळीवर अर्धा सेंट नाही लागत.

दीडशहाणी
डाळीवर नाही, डायपरवर? असो. 'बहुतेक भाडेकरू असतात' ह्या निरीक्षणाचं काय करायचं ते मी डाळीबरोबर शिजवून बघते.

ह्यूस्टनचा_तात्या
पॉपकॉर्न घेऊन बसलोय. त्यावर टॅक्स आहे का कुणी सांगेल?

चष्मेवाला
डायपर कॅलिफोर्नियात २०२० पासून करमुक्त आहेत. तात्या, थिएटरात घेतलेत तर आहे, घरी फोडलेत तर नाही, असं ढोबळ मानाने समजा.

दोन्ही बाजूंत तथ्य आहे, पण सेल्स टॅक्सची एक जमेची बाजू राहिली. तो बाहेरच्यांकडूनही वसूल होतो. गावात मोठा मॉल किंवा हायवेवरची हॉटेलं असतील तर आजूबाजूची जनता तुमच्या बंबाचे पैसे भरते. लास व्हेगासच्या क्लार्क काउंटीने 'मोअर कॉप्स' नावाने पाव सेंट लावला, तिथे जुगाऱ्यांच्या जेवणातून पोलिसांची भरती होते. रानजाईंच्या गावी मॉल नसेल तर हा मुद्दा लंगडा.

पुणेरी_प्रवासी
शेजारच्या गावात जाऊन गाडी घ्यायची की, प्रश्न मिटला. :)

चष्मेवाला
नाही मिटत. हा स्थानिक जास्तीचा कर गाडी जिथे नोंदवता त्या पत्त्यावर लागतो, डीलर कुठे आहे त्यावर नाही. ऑनलाइन मागवलंत तर माल जिथे पोचतो तिथला. टीव्ही दुकानातून स्वतः उचलून आणलात तर मात्र वाचाल, पण पेट्रोलला किती गेले ते मोजा.

पुणेरी_प्रवासी
प्रकाटाआ (प्रतिसाद काढून टाकला आहे).

टेम्सकाठी
इंग्लंडातलं सांगते, तुलनेला. आमच्या काउन्सिल टॅक्सच्या (घरपट्टीसारखाच) बिलावर पोलिसांची ओळ वेगळी आणि बहुतेक ठिकाणी फायरचीही. गेल्या वर्षी किती, यंदा किती, वाढ किती टक्के, सगळं तिथेच. ठरावीक मर्यादेपलीकडे वाढवायचं तर सार्वमत. मे २०१५ मध्ये बेडफर्डशरच्या पोलीस कमिशनरने १५.८ टक्के वाढ मागितली, जास्त पोलीस भरायला. लोकांनी सपशेल नाकारली. मी तेव्हा ल्यूटनजवळ राहायचे. जे शेजारी 'पोलीस दिसतच नाही' म्हणून रोज रडायचे, तेच 'नाही'वर फुली मारून आले. माणसं मालमत्तेच्या बिलावर कर बघितला की चिडतात. पावतीच्या तळाशी अर्धा सेंट कुणाला दिसतोय? म्हणूनच तो पास होतो, असं माझं मत.

सातारी_तर्री
+१. हा खरा मुद्दा आहे.

आकडेमोड
सगळे पेन्शनच्या हत्तीला वळसा घालताहेत. कॅलिफोर्नियात १९९९ नंतर हायवे पोलिसांना 'थ्री ॲट फिफ्टी' मिळालं आणि मग ते गावोगावच्या पोलीस-फायरमध्ये पसरलं. म्हणजे नोकरीच्या दर वर्षामागे ३ टक्के, वयाच्या पन्नाशीपासून. तीस वर्षं केली की शेवटच्या पगाराच्या ९० टक्के, जन्मभर. २०१३ पासून नव्या भरतीसाठी ते आकसलं, पण आधीच्यांचं बिल गावांना भरावंच लागतं. तुमचा अर्धा सेंट नवा पोलीस आणणार नाही, निवृत्त पोलिसाला पोसेल.

बंबवाल्याची_बायको
आकडेमोड, मी अशा एका 'पोसल्या जाणाऱ्या' माणसाची बायको आहे, अजून निवृत्त व्हायचाय. नवरा अमेरिकन, मी सांगलीची. जून ते नोव्हेंबर वणव्यांचा हंगाम. चोवीस तासांची पाळी संपते आणि 'स्ट्राइक टीम निघालीय' म्हणून फोन येतो, की मग कधी येईल ते सांगता येत नाही. घरी आला की कपडे गॅरेजातच उतरवायचे, घरच्या मशीनमध्ये धुवायचे नाहीत हा आमचा नियम. धुराचा तो वास, प्लॅस्टिक आणि रंग जळाल्याचा, केसांतून दोन-दोन आंघोळींनी जात नाही. त्या काजळीने कॅन्सर होतो. २०२२ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेच्या कॅन्सर संस्थेने अग्निशामकाचं काम थेट कॅन्सरकारक गटात टाकलं. त्याच्या स्टेशनातल्या दोघांना झालाय. पन्नाशीला निवृत्ती ही चैन वाटते त्यांनी एकदा त्या कपड्यांचा वास घेऊन जावा.

हिशेबाचं म्हणाल तर बरोबर आहे, पैसा पेन्शनकडे जातो. पण ते वचन कौन्सिलांनीच दिलं, शेअर बाजार चढा असताना, आणि पुरेसे पैसे बाजूला न टाकता. त्याचा राग बंबावर काढू नका.

आकडेमोड
वहिनी, राग बंबावर नाहीच. कौन्सिलवरच आहे. तेच कौन्सिल आता आणखी पैसे मागतंय, एवढंच म्हणतो.

जर्सीची_जुई
आमच्या न्यू जर्सीत स्थानिक सेल्स टॅक्स हा प्रकारच नाही. राज्याचा ६.६२५, बाकी सगळं घरपट्टीवर (आणि ती किती ते विचारू नका, बीपी वाढतं). पण आमच्या टाउनशिपमध्ये फायरवाले स्वयंसेवक आहेत. देशातली निम्म्याहून जास्त फायर डिपार्टमेंटं पूर्ण किंवा बहुतांश स्वयंसेवकांवरच चालतात. आमच्याकडे दिवसा दंतवैद्य असलेला माणूस रात्री बंब चालवतो. पॅनकेक ब्रेकफास्ट, लॉटरी, असं करून पैसे जमवतात. अडचण एकच. दिवसा सगळे ऑफिसात, तेव्हा आग लागली तर येणार कोण?

कर नको म्हणणाऱ्यांसाठी : २०१० मध्ये टेनेसीच्या ओबायन काउंटीत एका घराला आग लागली. ते घर शहराच्या हद्दीबाहेर, तिथल्यांनी फायरसाठी वर्षाला ७५ डॉलर फी भरायची होती. ती भरलेली नव्हती. साउथ फुल्टनचे बंब आले, ज्याने फी भरली होती त्या शेजाऱ्याचं रान वाचवलं, आणि ते घर जळताना उभे राहून बघितलं. मालक तिथल्या तिथे पैसे द्यायला तयार होता.

दीडशहाणी
बाप रे.

नाठाळ
ह्यावर मला काही चेष्टा सुचत नाहीये.

रानजाई
सगळ्यांचे आभार, एवढं येईल असं वाटलं नव्हतं. चष्मेवाले, तुमच्या सांगण्यावरून ठरावाचा पूर्ण मजकूर काढून वाचला. पत्रकावर 'पोलीस आणि फायर'. ठरावात मात्र 'सर्वसाधारण शासकीय कामांसाठी, जसे की पोलीस, अग्निशमन, रस्ते, उद्याने'. सल्ल्याचा दुसरा प्रस्ताव वगैरे काही नाही. मुदतही नाही, 'मतदार रद्द करेपर्यंत' असं आहे. एक नागरिक समिती वर्षातून एकदा हिशेब बघेल म्हणे. हमीचं ते कलम कुठेच सापडलं नाही. मॉल? एक कॉस्टको आहे, तेही शेजारच्या गावाच्या हद्दीत. :(

चष्मेवाला
म्हणजे शुद्ध जनरल टॅक्स. तो लगेच वाईट ठरत नाही, पण पत्रकावरचं चित्र आणि ठराव ह्यांची गाठ पडत नाही. समिती फक्त 'बघते', तिला रोखायचा अधिकार नसतो.

ह्या गोष्टीला इतिहास आहे. आपल्या ७.२५ च्या राज्यभरच्या पायाभूत दरात अर्धा सेंट आधीच 'पब्लिक सेफ्टी'चा आहे, प्रॉप १७२ चा. १९९१ मध्ये राज्याने तात्पुरता अर्धा सेंट लावला होता, तो १९९३ मध्ये संपणार होता. त्याच सुमारास राज्याने काउंट्या आणि गावांचा घरपट्टीतला वाटा काढून शाळांकडे वळवला, आणि भरपाई म्हणून तो तात्पुरता अर्धा सेंट कायमचा करून सुरक्षेसाठी द्यायचं ठरलं. २ नोव्हेंबर १९९३ ला मतदान. आठवडाभर आधी लगूना बीचला वणवा, आणि मतदानाच्याच दिवशी मालिबूच्या डोंगरात दुसरा. टीव्हीवर दिवसभर ज्वाळा. अर्थात पास झाला. (नाठाळ, घ्या, हा तुमच्या वहीत.)

पुढे काय? पैसा बहुतांश काउंट्यांकडे, आणि अनेक काउंट्यांत तो शेरिफ, सरकारी वकील, तुरुंग यांच्याकडे गेला. कित्येक फायर डिस्ट्रिक्ट अजून तक्रार करतात की जाहिरातीत आम्ही होतो, वाटपात नाही. जुना खर्च कापू नये म्हणून 'मेंटेनन्स ऑफ एफर्ट'ची अट १९९४ मध्ये कायद्याने घालावी लागली.

तर तुम्ही एक करा. गावाचे गेल्या पाच वर्षांचे अर्थसंकल्प वेबसाइटवर असतील. जनरल फंडातला किती टक्के वाटा पोलीस-फायरला गेला ते काढा. मग कौन्सिलच्या सभेत उभं राहून विचारा : कर पास झाला तर हा वाटा ह्याच्याखाली जाणार नाही, असा ठराव आज करता का? मत नसलं तरी बोलायचा हक्क आहे. कॅलिफोर्नियाच्या ब्राउन कायद्यानुसार सभेत कुणालाही बोलता येतं, नागरिकत्वच काय, गावचं असणंही लागत नाही.

ह्यूस्टनचा_तात्या
रानजाई, जा आणि सासूबाईंनाही घेऊन जा. त्यांचा आवाज चढा असेल तर उत्तमच.

कोथरूडची_कुंदा
अवांतर : आमच्याकडे बोलायला पोलीस आणि बंब एकाच दारात नाहीत. पोलीस राज्याचे, बंब पालिकेचा. जकात होती तोवर पालिकेकडे स्वतःचा रोजचा पैसा होता. ती गेली, मग एलबीटी (स्थानिक संस्था कर), मग १ जुलै २०१७ पासून जीएसटीची भरपाई राज्याकडून. अर्धा टक्का लावू का, असं नगरसेवकाने मला विचारायचं म्हटलं तरी त्याच्या हातात काही नाही. मला तर तुमचं मतदान बघून हेवा वाटला, कर नको असला तरी.

सातारी_तर्री
कुंदाताई, ह्यावर वेगळा धागा काढा. सही रे सही.

रानजाई
जाऊन आले. तीन मिनिटं मिळाली. सासूबाईही आल्या, बोलल्या नाहीत, पण पहिल्या रांगेत बसून चीफकडे टक लावून बघत होत्या. आकडे नवऱ्याने काढून दिले (हो, 'नाही'वाल्याने). जनरल फंडातला वाटा पाच वर्षांत थोडा खाली आलाय. ठराव करता का विचारल्यावर सिटी मॅनेजर म्हणाले की पुढच्या कौन्सिलचे हात बांधणं बरं नाही, पण मुद्दा अर्थसंकल्पाच्या वेळी विचारात घेऊ. एका कौन्सिल मेंबरने मात्र पुढच्या सभेच्या अजेंड्यावर घ्या म्हणून सांगितलं. सभा मतदानाच्या आधी आहे. ठराव झाला तर नवरा 'हो' देईल म्हणतो, नाही तर 'नाही'. मी असते तर तरी 'हो'च दिलं असतं. ह्यावरून घरात अजून चालूच आहे.

चष्मेवाला
साधा ठराव पुढचं कौन्सिल बदलू शकतं, हे लक्षात ठेवा. तरी लिखित असलेलं बरं, मोडताना निदान सभेत मोडावं लागतं.

बंबवाल्याची_बायको
रानजाई, मस्त. सासूबाईंना नमस्कार सांगा. जुई, तुमच्याकडे बायकांना घेतात का स्वयंसेवक म्हणून? माझी भाची एडिसनला आलीय, विचारत होती. इंजिनियर आहे, जिमबिम करते.

जर्सीची_जुई
घेतात की! आमच्या फायर कंपनीत तिघी आहेत. तिच्या टाउनशिपच्या फायर कंपनीत संध्याकाळच्या ड्रिलला जाऊन नुसतं भेटायचं. अर्ज, मेडिकल, पार्श्वभूमी तपासणी, मग काउंटीच्या अकादमीत 'फायरफायटर वन', रात्रीचे आणि शनिवार-रविवारचे वर्ग. कोर्स आणि गिअरचा खर्च आमच्याकडे टाउनशिप करते, तिच्याकडे विचारून घ्यावं. व्हिसावर असेल तर आधी नोकरीच्या कंपनीच्या वकिलाशी बोलायला सांगा. आणि बूट अर्धा नंबर मोठे मागून घ्यायला सांगा, जाड मोजे घालावे लागतात.

बंबवाल्याची_बायको
कळवते तिला. व्यक्तिगत निरोप केलाय.